कड्याकडे पाठ करून बसलेल्या विमलताई

रविवारी विहारात वंदना झाली की चहाच्या वेळी एखादा नवा माणूस हमखास विचारतो, "ताई, तुम्ही काय जॉब करत होता?" बर्मिंगहॅममधल्या आमच्या लोकांत या प्रश्नाची उत्तरं ठरलेली आहेत. हॉस्पिटल, बँक, आयटी, कौन्सिल. मी सांगते, "मी लोकांना वाळवंटात एका कड्यापर्यंत चालत न्यायचे, समोर बघा म्हणायचे आणि परत आणायचे." विचारणारा कप हातात धरून तसाच थांबतो. आपली चेष्टा चालली आहे असं त्याला वाटतं. मग माझे मिस्टर, जे स्वतः हॉस्पिटलवाले आहेत, गंभीर चेहऱ्यानं मान हलवतात. "खरं आहे. आणि बहुतेक सगळ्यांना परत आणलंय."

सगळ्यांना आणलंय. पण त्या "बहुतेक"मागे एक गोष्ट आहे, आणि ती सांगण्यासाठीच हे लिहायला बसले आहे.

मी मूळची नागपूरची. इथल्या एका सेकंडरी स्कूलमध्ये बारा वर्षं भूगोल शिकवला. वाळवंट या विषयावर मुलांना दरवर्षी सहा तास द्यायचे, आणि स्वतः एकही वाळवंट पाहिलेलं नव्हतं. एक दिवस पेपरात छोटी जाहिरात दिसली. एडिनबरामधल्या एका लहानशा ट्रॅव्हल कंपनीला वॉक लीडर हवे होते. बेकरीच्या वरच्या दोन खोल्या, एवढंच ऑफिस. मालकीणबाई मोराग. उंच, लाल गालांच्या आणि बोलायला तुटक. इंटरव्ह्यूत त्यांनी विचारलं, "उन्हाचा त्रास होतो का?"

मी म्हटलं, "मी नागपूरची आहे."

"ते कुठे आलं?"

"मे महिन्यात चला, दाखवते."

त्या हसल्या, आणि माझी एकोणीस वर्षांची नोकरी सुरू झाली.

कंपनीची खासियत एकच होती. वाळवंटाच्या अगदी आतल्या भागातले छोटे वॉक. ज्यांचे गुडघे थकलेत पण डोळ्यांची भूक भागलेली नाही, अशा माणसांसाठी. वसंतात आणि शरदात आम्ही अमेरिकेच्या युटाह राज्याच्या दक्षिणेला जायचो. एका छोट्या गावातल्या मोटेलात मुक्काम. रोज सकाळी उंच चाकांच्या गाडीतून दोन-तीन तास कच्च्या रस्त्यानं हाडं खिळखिळी करून घ्यायची. मग मैल-दीड मैल चालायचं. सपाट जमीन, बुटकी जुनिपरची झाडं, लाल वाळू, मध्ये मध्ये उघडा कातळ. पुढे काही आहे अशी शंकाही येत नाही. आणि अचानक जमीन संपते. पायाखाली हजार-दीड हजार फूट खोल दरी आणि पलीकडे क्षितिजापर्यंत लाल, केशरी, जांभळे कडे. पहिल्यांदा पाहणारा माणूस काहीतरी बोलायला तोंड उघडतो आणि तसंच उघडं ठेवतो. त्या उघड्या तोंडांसाठी मी एकोणीस वर्षं काम केलं म्हटलं तरी चालेल.

लोकांना वाटतं लांबचा ट्रेक धोक्याचा आणि छोटा वॉक सोपा. आमच्या धंद्यात उलटं असतं. दहा मैल जायचं म्हटलं की माणूस पाणी घेतो, टोपी घेतो, नीट ऐकतो. दीड मैल म्हटलं की तो मनात हिशेब करतो, हे तर सुपरमार्केटला जाऊन येण्याइतकंच. मग पाण्याची बाटली गाडीत राहते. तिथे फोनला सिग्नल नसतो. चाळीस मैलांवर पडलेला पाऊस इथल्या कोरड्या ओढ्यात अचानक भिंतीसारखा येतो. रस्त्यावर जिथे चिकणमाती आहे तिथे पंधरा मिनिटं पाऊस झाला की चाकांना लोण्यासारखा चिखल लागतो आणि गाडी दोन दोन दिवस हलत नाही. आणि उघड्या कातळावर पायवाट उमटतच नाही. तिथे वाट दाखवायला ठरावीक अंतरावर दगडांच्या छोट्या राशी रचलेल्या असतात. एका राशीपाशी उभं राहून पुढची शोधायची, मगच पाऊल टाकायचं.

हे सगळं मी ट्रिपच्या आधी, बर्मिंगहॅमजवळच्या माल्व्हर्नच्या टेकड्यांवर भर पावसात सराव घेताना सांगायचे. वाळवंटातल्या पाण्याविषयी लोक छत्रीखाली उभे राहून ऐकायचे आणि मान डोलवायचे.

गिऱ्हाइकं एकेक नमुनेदार. लंडनच्या स्टॅनमोर भागातले एक गृहस्थ घडीची खुर्ची खांद्याला लावून आले. कड्यापाशी पोचल्यावर त्यांनी ती उघडली, तिच्यात बसले, दोन मिनिटं समोर पाहिलं, "मोठं आहे" म्हणाले आणि खुर्ची मिटली. आठवडाभर रोज हेच. परत गेल्यावर त्यांनी कंपनीला पत्र लिहिलं की आयुष्यातली ही सर्वांत चांगली सुट्टी. एक निवृत्त हेडमास्तर रस्त्यावरच्या पाट्यांमधल्या स्पेलिंगच्या चुका वहीत टिपायचे. एक बाई प्रत्येक कड्यावर रडायच्या. पहिल्या दिवशी मी का म्हणून विचारलं. त्या म्हणाल्या, "छान वाटतंय गं." दुसऱ्या दिवसापासून मी नुसता टिश्यू पुढे करायचे.

आता ढवळे पती-पत्नींकडे येते.

डॉक्टर अरुण ढवळे स्टॅनमोरचे डेंटिस्ट, सत्तरी ओलांडलेले, चालायला चपळ, गळ्यात भला मोठा कॅमेरा. विमलताई त्यांच्याहून दोन-तीन वर्षांनी लहान, ठेंगण्या, शांत. त्यांनी तीस वर्षं एका कौन्सिलच्या ऑफिसात ड्रेनेजचे नकाशे तपासले होते. त्या स्वतःच हसत सांगायच्या, "ह्यांनी लोकांच्या दाढा बघितल्या आणि मी गटारं."

विमलताईंना उंचीची भीती होती. साधीसुधी नव्हे. शिडीच्या दुसऱ्या पायरीवर त्यांना घाम फुटायचा. अशा बाईला कड्यांच्या ट्रिपवर कुणी आणलं हा प्रश्न कुणालाही पडेल. डॉक्टरांनीच आणलं. त्यांना वाटलं, एकदा पाहिलं की भीती जाईल. ती काही गेली नाही. पहिल्या तिन्ही दिवशी विमलताई सगळ्यांबरोबर चालत आल्या, कडा पन्नास-साठ पावलांवर आला की एखादं जुनिपरचं झाड गाठलं, दरीकडे पाठ केली आणि थर्मासमधला चहा घेत बसल्या.

"आठ हजार किलोमीटर आलो आपण, विमल!" डॉक्टर चिडून म्हणायचे. "आणि तू आलो ती वाट बघत बसतेस? अगं, पुढे बघ की जरा!"

"तुम्ही बघा ना. मला सांगा कसं होतं ते."

मला त्यांची कीव यायची. खरं सांगायचं तर थोडा कंटाळाही यायचा. लीडरला आपला कडा दाखवायची हौस असते. त्याच्याकडे पाठ करून बसणारं गिऱ्हाईक म्हणजे न जेवता उठलेला पाहुणा.

चौथ्या दिवशी आम्ही सर्वांत आतल्या जागी गेलो. नकाशात तिला नाव नाही. आमचा तिथला ड्रायव्हर डेल आणि मी तिला आपसात गच्ची म्हणायचो. ग्रुपमध्ये सहा जण होते. ढवळे पती-पत्नी, एडिनबराच्या दोन निवृत्त नर्सबहिणी आणि बर्मिंगहॅमचे एक प्रोफेसर व त्यांची बायको. गाडीपासून सव्वा मैल. आधी कोरड्या ओढ्यातली वाळू, मग अर्धा मैल नुसता कातळ, मग कडा.

कातळावरून जाताना मागून विमलताईंची हाक आली. "शालिनी, ती डावीकडची दगडांची रास आपली आहे का?" मी प्रोफेसरांना खडकाचं वय सांगण्यात दंग होते. "हो हो, सगळ्या आपल्याच," असं काहीतरी म्हटलं आणि पुढे गेले.

कड्यावर सगळे खूश. विमलताई नेहमीप्रमाणे मागे झाडापाशी. अर्ध्या तासानं पाहते तर गाडीपाशी थांबलेला डेल स्वतः चालत वर आलेला. त्यानं पश्चिमेकडे बोट दाखवलं. आकाशाची कड काळी झाली होती. "तासाभरात माती ओली होईल," तो म्हणाला. "निघायला हवं."

मी सगळ्यांना हाकारलं. डॉक्टर कड्याच्या एका टोकाकडून ओरडले, "आलोच, एक फोटो!" बॅगा उचलण्याची गडबड उडाली. झाडांपाशी पोचल्यावर मी मागे वळून डोकी मोजली. सहा. बरोबर. आम्ही भराभर निघालो.

दहा-पंधरा मिनिटांनी, कातळ संपून वाळू लागली तिथे, विमलताईंनी माझी बाही धरली.

"शालिनी, हे कुठायत?"

"पुढे असतील."

"पुढे नाहीत. मी सगळ्यात मागे आहे आणि मागेही नाहीत."

मी पुन्हा मोजलं. सहा. आणि सहावं डोकं डेलचं होतं.

 बाकीच्यांना डेलबरोबर गाडीकडे पाठवलं. विमलताईंनाही म्हटलं, "तुम्ही त्यांच्याबरोबर जा."

"मी येणार."

"ताई, मला धावावं लागेल. कड्यापर्यंत जावं लागेल."

"मग तू कडा बघ, मी वाट बघते," त्या म्हणाल्या. त्या वाक्याचा खरा अर्थ मला अर्ध्या तासानं कळला.

मी धावत कड्यावर गेले. डॉक्टरांची बॅग तिथेच होती, पाण्याच्या दोन्ही बाटल्यांसकट. माणूस नव्हता. मी हाका मारल्या. माझाच आवाज दरीतून फिरून आला. पोटावर आडवी होऊन दुर्बिणीनं खालचे टप्पे पाहिले. डॉक्टरांचा निळा शर्ट दिसू नये अशी मनोमन विनवणी करत पाहिले. शर्ट दिसला नाही, तेवढाच धीर. पण मग माणूस गेला कुठे? चारी बाजूंनी एकसारखा कातळ. सुरुवात कुठून करायची तेच कळेना. सॅटेलाइटवरून मेसेज पाठवायचं यंत्र बाहेर काढलं. पण मदत यायला तीन तास लागले असते आणि ढग निम्म्या आकाशावर आले होते.

इतक्यात मागून हाक आली. विमलताई झाडापाशी उभ्या होत्या आणि हातानं खुणावत होत्या.

"इकडे ये. हे त्या बाजूनं गेलेत."

"तुम्ही पाहिलंत?"

"पाहिलं नाही. पण दुसरीकडून जाणारच नाहीत. ती बघ ती रास. आपल्या राशी तीन-चार दगडांच्या, वरचा दगड चपटा. ही उंच आहे आणि वर गोटा ठेवलाय. दुसऱ्या कुणीतरी दुसऱ्या कुठल्या तरी वाटेसाठी रचलीय. कड्याच्या त्या टोकावरून मागे वळलं की आधी हीच दिसते. येताना मी तुला विचारलं होतं."

विचारलं होतं. मी हो हो म्हटलं होतं.

"एवढं लक्षात कसं राहिलं तुमच्या?"

"तुम्ही सगळे तिकडे बघता. मी चार दिवस इकडेच बघतेय," त्या म्हणाल्या. "आणि पाइपलाइन कुठे चुकीची जोडलीय हे शोधण्यात माझी तीस वर्षं गेली."

त्या पुढे आणि मी मागे अशा आम्ही निघालो. उंच राशीमागून दुसरी उंच रास, मग तिसरी. चौथीनंतर कातळ उतरत एका अरुंद घळीत गेला. मी हाक मारली आणि खालून उत्तर आलं. "इकडे! मी ठीक आहे!"

डॉक्टर पुरुषभर उंचीच्या एका टप्प्याखाली सावलीत बसले होते. वरून उडी मारून उतरले होते आणि परत चढता येत नव्हतं. ओठ सुकलेले, एक गुडघा खरचटलेला, कॅमेरा छातीशी धरलेला. मी काठावर पालथी झाले आणि बॅगचा पट्टा खाली सोडला. पण त्यांना ओढताना मीच पुढे सरकू लागले. विमलताईंनी क्षणभर त्या टप्प्याकडे पाहिलं. मग सरळ कातळावर बसल्या, डोळे घट्ट मिटले आणि माझे दोन्ही पाय मिठीत धरले.

"ओढ," त्या म्हणाल्या. "मी बघत नाहीये, पण मी सोडणार नाही."

डॉक्टर वर आले तेव्हा धापा टाकत म्हणाले, "विमल? अगं, तू इथे कशी?"

त्यांनी डोळे उघडले नाहीत. "फोटो नीट आला का हो?"

आम्ही गाडीत बसलो आणि काचेवर पहिले थेंब पडले. मातीचा पट्टा डेलनं जेमतेम ओलांडला. मागे वळून पाहिलं तर रस्ता चमकायला लागला होता. संध्याकाळी मोटेलशेजारच्या डायनरमध्ये डॉक्टरांनी सूप मागवलं. मग चमचा खाली ठेवून म्हणाले, "चव्वेचाळीस वर्षं मी हिला पुढे बघ, पुढे बघ म्हणतोय." वाक्य पुरं केलं नाही. विमलताईंनी त्यांच्याकडे मीठ सरकवलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी मोरागना फोन लावला. एडिनबराला तेव्हा दुपार होती. घडलं ते सगळं सांगितलं, डेलच्या डोक्यासकट. राजीनामा देते म्हणाले. 

"राजीनामा नको. रिपोर्ट लिही, खाली स्वतःचं नाव घाल, बाकीच्या लीडरना मी तो वाचायला देईन. आणि यापुढे डोकी मोजायची नाहीत. नावं घ्यायची."

"हो."

"आणि ती बाई काय करते?"

"रिटायर आहे. ड्रेनेजचे नकाशे तपासायची."

"तिला विचार, ग्रुपच्या शेवटी चालायला येईल का? पगारी."

मी विमलताईंना विचारलं तेव्हा त्यांना आधी वाटलं, मी उपकार फेडते आहे. "दया नको गं. काम असेल तर सांग."

"काम आहे ताई. वाट बघायचं."

पुढच्या वसंतापासून त्या आमच्या शेपटाच्या लीडर झाल्या. सहा वर्षं. डॉक्टर कधी गिऱ्हाईक म्हणून सोबत यायचे, कधी घरी राहून स्वतःच्या हातचं पिठलं खायचे. मी मध्येच थांबून सगळ्यांना मागे वळायला लावू लागले. परतताना ही जागा कशी दिसेल ते आत्ता बघून ठेवा, असं सांगायचे. भूगोलाची बाई असून मला हे आधी सुचलं नव्हतं, ही रुखरुख अजून आहे. आणि हाक मारणाऱ्याला हो हो म्हणायची माझी सवय ज्याच्यामुळे मोडली, तो निळा शर्ट अजूनही कधी कधी स्वप्नात दुर्बिणीतून दिसतो.

विमलताईंची भीती मात्र तिळभरही कमी झाली नाही. कड्यापासून साठ पावलं, पाठ दरीकडे, हातात चहा. लोक विचारायचे, "तुम्ही बघत नाही?" त्या म्हणायच्या, "मी ड्यूटीवर आहे."

त्यांच्या तिसऱ्या सीझनमधली गोष्ट. स्टॅनमोरची नेहा आमच्या ग्रुपमध्ये होती. तिशीची सॉलिसिटर, इथेच जन्मलेली, मराठी हौसेनं पण मोडकंतोडकं बोलणारी. एका कड्यावर बाजूला चार फूट रुंद कातळपट्टी आहे. तिच्यावर उभं राहिलं की फोटो छान येतो. नेहा झपाझप तिकडे गेली, खाली पाहिलं आणि जागच्या जागी गोठली. खाली बसली, दोन्ही हात कातळाला चिकटवले, चेहरा पांढराफटक.

मी जवळ गेले. "नेहा, काही होत नाही, अगदी सोपं आहे, चार पावलं फक्त."

"नको! जवळ येऊ नको!" ती किंचाळली. "माझी पाय हलत नाही!"

मी जितका धीर देत होते तितकी ती आणखी घट्ट होत होती. सोपं आहे हे ज्याला सोपं वाटतं त्यानं सांगून काही उपयोग नसतो, हे मला तेव्हा कळलं. एवढ्यात मागून खरखर असा आवाज आला. वळून पाहते तर विमलताई. बसल्या बसल्या सरकत येत होत्या. डोक्यावरची टोपी वाकडी, ओठ आवळलेले, नजर फक्त स्वतःच्या बुटांवर. साठ पावलांच्या आत मी त्यांना पहिल्यांदाच पाहत होते. मी काही बोलणार तर त्यांनी हातानंच मला बाजूला केलं.

नेहाच्या हातभर अंतरावर येऊन त्या थांबल्या.

"नेहा, खाली बघू नकोस. माझ्या तोंडाकडेही नको, ते बघण्यासारखं नाहीये आत्ता. माझ्या बुटांकडे बघ. कुठल्या रंगाचे आहेत?"

"पिवळा," नेहा म्हणाली.

"बरोबर. आता हे पिवळे बूट जसे मागे सरकतील तसं तू सरकायचं. उठायचं नाही. पँट फाटली तर फाटू दे."

एक वीत मागे. पिवळे बूट सरकले, नेहा सरकली. आणखी एक वीत.  अर्ध्या वाटेवर नेहानं मान वर केली आणि पाहिलं, तर विमलताईंच्या कपाळावरून घामाच्या धारा वाहत होत्या.

"आंटी," ती हळूच म्हणाली, "तुम्हाला पण भीती वाटतो?"

"भयंकर वाटते गं," विमलताई म्हणाल्या. "म्हणून तर म्हणतेय, जरा लवकर चल."